नांदखेलच्या गाड्यातला खण

करंजवाडी, तालुका कऱ्हाड
२० जानेवारी १९४६

ती. तात्या यांस,
तुमच्या विनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. सांगलीला थंडी पडली आहे आणि तुमचे गुडघे धरलेत, हे कळलं. बिब्बा घालून घेऊ नका. मागच्या खेपेला उतून आठ दिवस निजून होतात आणि वर मलाच शिव्या घालत होतात.

बालकमंदिरात आता अठ्ठावीस मुलं झाली. हंगाम जोरात आहे. आया दिवस उगवायला उसाच्या फडावर नाहीतर लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर जातात आणि जाताना पोरं माझ्या ओसरीवर टाकतात. मदतीला हरणाबाई आहे. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या, तोंडभर वण आहेत. जीभ फाटकी, पण पोरांवर जीव. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, नखं बघते, नाकं पुसते, साबण लावते. टॉवेल मात्र एकच आहे आणि पाणी प्यायचा तांब्याही एकच. ओरडू नका. दंडांचंही सांगते. बेचाळीसच्या गडबडीपासून सरकारी माणूस या गावात पाऊल टाकत नाही, त्यामुळे पाच वर्षांखालच्या एकाही पोराच्या दंडावर लस टोचून देवी काढलेल्या नाहीत.

आता गंमत ऐका. शुक्रवारी नांदखेलवाल्यांनी आमच्या शिवेवर आईचा गाडा आणून सोडला. गावात रोगराई आली की ती गाड्यात बसवायची, दोरीनं ओढत शेजारच्या शिवेत ढकलायची, शेजाऱ्यांनी पुढच्या गावाला ढकलायची, अशी इकडची रीत. त्या गाड्याला हात कुणी लावत नाही. मी लावला! हातभर लांबीचा लाकडी गाडा, खरी फिरती चाकं, आत मातीची बाई, हिरव्या बांगड्या, नारळ आणि चांगले चार खण. हरणाबाई शिव्या घालत होती आणि मी भर दुपारी तो बगलेत मारून आणला. मुलं दिवसभर खडखडाट करताहेत. लालासाहेब तणतणत आले, गाडा जागच्या जागी ठेवा म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच उचलून न्या. त्यांनी हात मागे घेतला आणि गेले.

तीन खण पुसायला आणि पांघरायला ठेवलेत. चौथ्याचा अंबूला फ्रॉक शिवला, हिरवागार, लाल काठाचा. अंबू म्हणजे आमच्या जोतीरामची चार वर्षांची पोर. तो लष्करात होता, इटलीत कानाशी तोफगोळा फुटून एका कानाने बहिरा झाला आणि गेल्या आषाढात घरी आला, तेव्हा त्यानं लेकीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. फ्रॉक घालून ती त्याच्यापुढे गिरक्या घेत होती आणि तो गडी रडत होता.

देवीबिवी काही नसते, असं तुम्हीच शिकवलंत ना? लेकीनं शिकवण पाळली. शाबासकी धाडा, आणि जमलं तर सहा पेले.

लोभात काटछाट करू नये, ही विनंती.
तुमची
विनू

~

सांगली
२४ जानेवारी १९४६

चि. विनोदिनी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यावर एक सणसणीत थोबाडीत.

देवी नसते असं मी शिकवलं. रोग नसतो असं कुणी शिकवलं तुला? नांदखेलला काय झालं होतं, हे विचारलंस का? पटकी की देवी? बत्तीस वर्षं या बापानं गावोगाव लोकांच्या देवी काढल्या आणि लेकीला एवढं विचारायचं सुचलं नाही! अगं बये, ते खण काय दुकानातून येतात? ज्या पोराला देवी येतात त्याच्यात आई बसली असं मानतात आणि तिला म्हणून खण त्या पोराच्या अंगावर घालतात. पोर उठलं किंवा मेलं की तोच खण गाड्यात. फोडांच्या खपल्या कापडाला चिकटून राहतात आणि महिनोन्‌महिने विखार धरून असतात.

हे पत्र वाचतेस तिथून ऊठ. चारही खण आणि तो गाडा जाळ. मुलांना तो टॉवेल आणि तांब्या बंद. अठरा तारखेपासून बारा दिवस मोज, म्हणजे तीस होते. त्या सुमारास कुणाला ताप आला, तर त्याला आतल्या खोलीत हरणाबाईपाशी ठेव. तिला येऊन गेल्यात, पुन्हा यायच्या नाहीत. काही झालं तरी पोर घरी पाठवू नकोस. घरी पाठवलंस की आळीभर बायका कडेवर लेकरू घेऊन आईच्या दर्शनाला जातील आणि एकाचे वीस होतील.

तुझा चुलतभाऊ मधुकर आता माझ्याच खात्यात टोचणीला आहे, ठाऊक आहेच. लस मिळाली की त्याला धाडतो. गाव नाही म्हणेल. म्हणू दे. जतकडच्या एका वाडीत मला उखळाला बांधून घातलं होतं आणि एका म्हाताऱ्यानं पहार मारली, ती कपाळावरची खोक तू लहानपणी बोटानं चाचपत असायचीस. दुसऱ्या दिवशी त्याच वाडीत मी चाळीस पोरं टोचली.

पेल्यांचं बघतो. उलट टपाली लिही.
तुझ्यावर संतापलेला आणि तुझाच
तात्या

~

करंजवाडी
३ फेब्रुवारी १९४६

ती. तात्या यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी, अठ्ठाविसाला हातात पडलं. तिथून उठले. तीन खण चुलीत घातले. हरणाबाईला दटावून विचारलं तर म्हणाली, नांदखेलला देवीच आल्या होत्या, चार पोरं गेली, तुमास्नी ठावं आसंल आसं वाटलं मला. गाडा लाकडाचाच तर आहे म्हणून राहू दिला. चौथा खण अंबूच्या अंगावर. फ्रॉक काढायला गेले तर तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि दोन्ही मुठींनी घेर धरून भोकाड पसरलं. जन्मात पहिलं नवं कापड तिचं. मी म्हटलं, राहू दे, उद्या दुसरा शिवून देते आणि मग हा काढते. तात्या, मी उद्या म्हटलं.

बुधवारी ती तव्यासारखी तापली. तुम्ही बजावलं होतंत, पण साळूबाई, तिची आई, पाचव्या महिन्याची अवघडलेली बाई, दारात येऊन उभी राहिली. आईला पोर देत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू? दिली. शुक्रवारी कपाळावर पुरळ उठलं. आई आल्याची खूण म्हणून घराला लिंबाचा डहाळा लागला आणि अख्खी आळी लोटली. बायका कडेवरच्या पोरांची डोकी अंबूच्या पायावर टेकवत होत्या. मी उंबऱ्यावर आडवी झाले, तर मला ढोसून बाजूला केलं आणि माझ्या पोटावरून पाय टाकून आत गेल्या. साळूबाईच्या दंडावर लहानपणचे वण आहेत, एवढाच दिलासा. आज माझ्याकडची आणखी दोन मुलं तापली आहेत. ती मी घरी जाऊ दिलेली नाहीत.

काल लालासाहेब चाळीस माणसं घेऊन आले. कौलांवर धोंडे पडायला लागले. पाट्या फोडल्या, मडकी फोडली, पाळणा कुऱ्हाडीनं उभा चिरला. हरणाबाईनं एका पोराला पोटाखाली घेतलं होतं. धोंडा तिच्या डोक्यात बसला आणि रक्त त्या पोराच्या केसांत निथळत राहिलं. मी उलथनं घेऊन दारात उभी होते, पुढे येईल त्याचा डोळा काढीन म्हणत होते आणि खरंच काढला असता. त्यांनी गाड्याला दोरी अडकवून तो ओढून नेला. बाईनं आईला बाटवलं म्हणून आई कोपली, असं लालासाहेब ओरडत होते. आता गाड्यात आजारी पोरांच्या अंगावरची कापडं घालायची आणि बाराच्या मंगळवारी तो हिंगणमाळच्या शिवेत ढकलायचा, असं ठरलं आहे.

मी तोंडातून शब्द काढला नाही. काय सांगू? आई कोपली म्हणतात ते खोटं, पण हे बाईनं आणलं म्हणतात ते खरं. सगळ्या गावात अडाणी निघाले ती मी. लस धाडा, तात्या, पाया पडते.

तुमची
विनू

~

सांगली
६ फेब्रुवारी १९४६

चि. विनू हिस,
आशीर्वाद.

रागवायचं तेवढं मागच्या पत्रात रागावलो. मधुकर लस घेऊन अकराच्या सोमवारी पोचतो. माझे गुडघे मेले नसते तर मीच आलो असतो. आतल्या दोन पोरांची भांडी उकळ, अंथरुणं जाळ, आणि हरणाबाईशिवाय तिथे कुणी जायचं नाही. बाहेरच्या प्रत्येक पोराला आपापला पेला. पाच पाठवतो आहे, सहावा टपालवाल्यानं नाकारला कारण तो फुटका होता. बाकीच्यांना करवंट्या घासून दे.

आता मुख्य. तो गाडा हिंगणमाळात जाता कामा नये. तिथं शे-सव्वाशे पोरं असतील आणि त्यांतल्याही धाकट्यांच्या दंडावर काही नसेल. गाडा अडवायला माझ्याकडे एकच उपाय आहे. चारचौघांत सांग की रोग खणात होता, खण मी आणला, फ्रॉक मी शिवला. तू गप्प बसलीस तर आई कोपली हेच खरं ठरेल, गाडा पुढे जाईल आणि मधुकरच्या सुईखाली एक दंड यायचा नाही. खरं सांगितलंस तर लोक तुला मारतील. बाप असून हे लिहितो आहे, विने. मारानं सहसा माणूस मरत नाही, एवढं मी स्वतःच्या कपाळावरून सांगतो.

सांभाळून असं लिहिणार होतो, पण ते कसं लिहू?
तुझा
तात्या

~

कऱ्हाड, दवाखाना
१५ फेब्रुवारी १९४६

ती. तात्या यांस,
शि. सा. नमस्कार.

अक्षर मधुकरचं, शब्द माझे. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला आहे आणि जबडा सुजल्यामुळे बोबडं बोलते, मधुकर हसतो. जिवाला धोका नाही. आता सगळं सांगते.

अंबू रविवारी गेली. तोंडावर तीळ ठेवायला जागा नव्हती, डोळे उघडत नव्हते. शेवटी शेवटी आवाजावरून ओळखून माझा पदर धरायची. जोतीरामनं तिला एकट्यानं नेऊन पुरलं, कुणाला खांदा लावू दिला नाही.

मंगळवारी हलगी वाजवत गाडा निघाला. त्यात अंबूच्या अंगावरचं पांघरूण होतं, तिच्या पायांवर डोकं टेकवलेल्या आणखी एका पोराचं अंगडं होतं. हिंगणमाळच्या शिवेवर पन्नासेक गडी उभे होते, हातांत काठ्या, कुऱ्हाडी, गोफणी. पहिलाच गोफणीचा धोंडा आमच्या हलगीवाल्याच्या तोंडावर बसला आणि त्याचे दात मातीत पडले. मग जुंपली. ही दोन्ही गावं एकमेकांचे सोयरे, तात्या. मामा भाच्याच्या बरगडीत काठी घालत होता. एकाच्या मांडीत कुऱ्हाड अशी रुतली की ती उपटताना तो दुसऱ्यांदा ओरडला. एक म्हातारा कान हातात धरून बांधावर बसला होता. आणि मधे तो हातभर गाडा, दोरी सुटलेला, कुणीच त्याच्याजवळ जाईना.

मी धावत जाऊन तो उचलला आणि पोटाशी धरून खाली बसले. माझ्या दंडावर तुमच्या हातचे चार वण आहेत, मला कसली भीती. गाड्याला हात लावायचा नाही, म्हणून मलाही कुणी हात लावेना. दोन्हीकडची माणसं काठ्या उगारून भोवती थांबली. मी ओरडून सांगितलं. देवी नाही, नांदखेलच्या मेलेल्या पोरांच्या खपल्या त्या खणाला होत्या. खण मी आणला. अंबूचा फ्रॉक मी शिवला. अंबूला मी मारलं. आता याच गाड्यात अंबूचं पांघरूण आहे आणि तुम्ही ते हिंगणमाळच्या पोरांच्या अंगावर घालायला निघाला आहात.

जोतीराम गर्दीतून पुढे आला. बहिऱ्या कानाची बाजू वळवून चांगला कान माझ्याकडे केला आणि पुन्हा सांगा म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्यानं शेजारच्याच्या हातातली काठी घेतली आणि मारलं. पहिल्या दणक्यात हात गेला, तो आवाज मला ऐकू आला. दुसरा जबड्यावर. तिसऱ्याला मी गाड्यावर पालथी पडले, मग किती ते ठाऊक नाही. तो थांबला आणि वाकून त्यानं विचारलं की, त्यो हिरवा फ्राक बी त्याच खणाचा? मी हो म्हटलं.

तो माझ्याशेजारी मातीत बसला. मग उठून त्यानं हलगीवाल्यांच्या दिवटीचं तेल गाड्यावर ओतलं आणि मला बाजूला सारून पेटवून दिलं. लालासाहेबांची माणसं त्याच्यावर तुटून पडली, लाथांनी त्याच्या दोन फासळ्या मोडल्या. हिंगणमाळचेच चार गडी आडवे पडले नसते तर त्याचा तिथेच निकाल लागला असता. गाडा जळून राख होईपर्यंत त्यांनी कुणाला पुढे येऊ दिलं नाही.

त्याच्याविरुद्ध फिर्याद द्या असं इथले डॉक्टर म्हणतात. मी जिन्यावरून पडले असं लिहून दिलं आहे. करंजवाडीत जिना नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगू नये.

तुमची मोडकी
विनू

~

करंजवाडी
१० मार्च १९४६

राजमान्य राजेश्री तात्यासाहेब यांस,
जोतीराम शिपाई याचा रामराम.

तुमी मला वळकत न्हाई. मी तुमच्या लेकीचा हात मोडला त्यो. पल्टनीत लिवायला शिकलो म्हून सोता लिवतोय, चुकलं तर संबाळून घ्या. लडाईत माणसं मारली पर बायमाणसावर हात टाकला न्हवता. त्यो टाकला. माफी मागत न्हाई, मागून काय व्हतंय. गावची खबर द्याची म्हून लिवतोय.

बाईस्नी कऱ्हाडला पोचवून मधुकरराव आलं तवा येक बी दंड फुडं येईना. मी इटलीच्या दवाखान्यात बगितलं हुतं, आजारी माणसाची कांबळी जाळायची, ऱ्हायल्याली उकळायची. त्ये लोकास्नी सांगितलं. कुणी आयकंना तवा काठी घिऊन देवळाच्या दारात बसलो, फासळ्या बांदून. म्हनलं माजी पोर गेली, आता कुणाची घालवू देणार न्हाई, टोचा न्हाईतर डोकं फुटंल. दोगांची फोडली. पयल्या दिशी धा आली, नंतर रांग लागली. लालासायबांचा नातू तापला तवा त्ये रडत आलं आणि गुळाची काहील दिली. तिच्यात साऱ्या गावाच्या गोधड्या उकळल्या. लय घाण वास सुटला. हिंगणमाळची धरून शंभरावर पोरं टोचून झाली. येकंदर सात जणास्नी आल्या, तीन गेली, आमची अंबी धरून. लालासायबांचा नातू वाचला. फेब्रुवारी सरल्यापासनं नवा ताप न्हाई. हरणाबाई डोक्याला फडकं बांदून बालकमंदिर चालवतीया, परत्येक पोराची करवंटी येगळी, वर खूण. बाईस्नी म्हनावं या. मी वाटंत येणार न्हाई.

आता येक इचारायचं हाय, म्हून खरं तर पत्र लिवलं. समद्यांची कापडं मी उबा ऱ्हाऊन जाळली, कुणाची आई पाया पडली तरी सोडलं न्हाई. आणि माज्या पल्टनीच्या पेटीत अंबीचा त्यो फ्राक हाय, कुलपात. बायकूला ठावं न्हाई. रोज उगडतो. त्येला पोरीच्या घामाचा वास हाय. पोर चार वर्साची, मला मिळाली सात म्हैने. कुलपाआड ठिवला तर चालंल का, त्ये लिवा. चालत नसंल तर जाळा म्हनून लिवा, मी जाळीन. बाईस्नी कळू देऊ नका.

तुमचा
जोतीराम

~

करंजवाडी
३१ मार्च १९४६

ती. तात्या यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा कोंबडीचे पाय म्हणून चेष्टा करू नका. परवा इथं पोचले. पोरं आधी हाताच्या पांढऱ्या प्लॅस्टरला घाबरली, मग त्यावर कोळशानं चित्रं काढली. एक बोकड आहे, तो मी आहे असं म्हणतात. पाच पेले शाबूत आहेत.

जोतीरामचं पत्र तुम्ही मला वाचायला धाडलंत, हे त्याला सांगितलं नाही. त्याला ते कळलंच असावं. काल सकाळी तो फाटकापाशी येऊन उभा राहिला, आत येईना. तुम्ही त्याला लिहिलं होतंत ना, की जाळू नको, साबणाच्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळ आणि मग खुशाल ठेव. घरी साळूबाईला कळेल म्हणून फ्रॉक त्यानं पोत्यात गुंडाळून इथं आणला होता. मी चुलीवर हंडा ठेवला. माझा एक हात निकामी, म्हणून काठीनं ढवळायला हरणाबाई पुढे झाली, तर त्यानं तिच्या हातातून काठी घेतली. ती धरताना त्यानं एकदा माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं. मला राग आला होता, तात्या, खोटं कशाला सांगू. हात ठणकत होता आणि तो समोर काठी धरून उभा होता. पण मी घड्याळ धरून बसले आणि तो ढवळत राहिला. हिरवा रंग पाण्यात उतरला, फ्रॉक फिक्कट पोपटी झाला.

अर्ध्या तासानं त्यानं तो काढला, पिळला नाही. निथळता तसाच तोंडाशी नेला आणि धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की, ह्यात आता अंबी न्हाई, साबण हाय. बालकमंदिराच्या दोरीवर इतर पोरांच्या कपड्यांशेजारी तो वाळत घातला आणि निघून गेला. मी तुमच्यावर चिडले, माझ्यावर चिडले आणि उगाच हरणाबाईशी भांडले.

दुपारी फ्रॉक वाळला. जोतीराम न्यायला आला नाही. जिला फ्राक नसंल तिला घाला, असा निरोप आला. कोणाची आई घेणार होती? हरणाबाईनं दोघींना विचारून शिव्या खाल्ल्या. तिन्हीसांजेच्या आत साळूबाई आली, आता सातवा भरत आला आहे, उठबस जड जाते. इतके दिवस कुलपातल्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं, असं दोरीवरच्या फ्रॉककडे बघत म्हणाली. फ्रॉक तिनं नीट घडी करून पदराखाली घेतला. माझ्या हाताला लागतंय का, हे विचारलं. आणि जाताना एवढंच विचारलं की, बाळंत झाल्यावर लेकराच्या देवी कितव्या महिन्यात काढायच्या. मी तिला तिसरा सांगितला.

तेव्हा मधुकरला म्हणावं, श्रावणात रजा काढू नकोस.

तुमची माया या डाव्या हातालाही मिळावी.
तुमची
विनू